विहिरीचं काम

"मेणकापडं काढा! खुंट्यासुद्धा उपटा! एक दोरी दिसता कामा नये!"

सकाळी सात वाजता शाळेच्या मैदानात उभी राहून मी अख्ख्या गावावर ओरडत होते. मी कोण, तर टेंभुरदऱ्याची अंगणवाडीसेविका. सरपंच नव्हे, तलाठी नव्हे. पण गावातल्या निम्म्या लेकरांना पहिली खिचडी मीच भरवलेली, त्यामुळं माझा आवाज चढला की त्यांच्या आया आपोआप कामाला लागायच्या. शिवाय माझं माहेर आणि सासर एकाच गावात. म्हणजे अर्ध्या गावाची मी लेक आणि उरलेल्या अर्ध्याची सून. मला नाही म्हणायची सोय कुणालाच नव्हती.

दिवाळीपासून आमच्या गावाखालची जमीन हलत होती. मोठं काही नाही. आधी खोलवर गुरगुरल्यासारखा आवाज यायचा, मग भांडी वाजायची, क्षणभर पायाखालून काहीतरी सरकल्यासारखं वाटायचं आणि संपायचं. आमच्या गावात असलं काही म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही आठवत नव्हतं. तालुक्याहून साहेब आले, शाळेच्या एका खोलीत यंत्र बसवलं, 'धक्के सौम्य आहेत, घाबरू नका' असं सांगितलं आणि दिवस मावळायच्या आत घाईघाईनं निघून गेले. त्यांची ती घाई बघून गाव जास्तच घाबरलं. एकशे चाळीस घरं उठून मैदानात आली. मेणकापडाची पालं ठोकली, तीन तीन दगडांच्या चुली मांडल्या आणि चार महिने सगळ्यांचा संसार तिथंच चालला होता. घरात जायचं ते पीठमीठ आणण्यापुरतं, तेही पळत.

त्याच गावाला मी त्या दिवशी पुन्हा घराघरांत कोंबत होते. कारण माझ्या भावासाठी, सोपानसाठी, मुलीकडचे लोक घर बघायला येणार होते.

सोपान एकोणतीस वर्षांचा. विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायचा. व्यसन नाही, उसाभर नाही, बोलणं तर त्याहून नाही. आई दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून घरात आबा आणि तो, दोघंच गडी. मी माझ्या घरच्या भाकरी थापून मग त्यांच्या थापायला जायची. मला भाकऱ्यांचा कंटाळा नव्हता. मला माझा भाऊ रोज संध्याकाळी एकटाच चुलीपुढं बसलेला बघवत नव्हता.

दोन सोयरिकी जमिनीनं मोडल्या होत्या. पहिले पाहुणे चहाच्या बशा टाकून पळाले, त्यांतल्या एकाची कोल्हापुरी चप्पल कितीतरी दिवस आमच्या कोनाड्यात पडून होती. दुसऱ्यांनी फाट्यावरच चौकशी केली आणि तिथूनच जीप वळवली. ही तिसरी. ही मोडली असती, तर पुढं लोकांनी जमिनीला दोष दिला नसता, पोरातच काहीतरी खोट आहे म्हणाले असते.

"पन अक्का, पाव्हणे बसलेले असताना आवाज आला तर?" शेजारच्या गयाकाकूनं पालाची दोरी गुंडाळता गुंडाळता विचारलं.

"आला तर आला. सगळ्यांनी शिकवलंय तेच सांगायचं. विहिरीचं काम चालू हाय, सुरुंग लावलेत."

"कुनाच्या विहिरीचं?"

"तुझ्या."

"माझ्या? माझी विहीर तर सासऱ्याच्या काळची हाय!"

"मंग आता खोल करायलीस. आनंद मान की."

विहीर कुणाची एवढंच सांगायचं राहिलं होतं, बाकी दोन दिवस मी हे वाक्य गावाकडून पाठ करून घेतलं होतं. पोलीस पाटलांकडूनही घेतलं. अंगणवाडीतल्या लेकरांकडून तर गाण्यासारखं घेतलं. राहिला होता एकटा सोपान.

"अक्का, खोटं सांगून पोरगी आनायची?" तो म्हणाला.

"खोटं कुठंय? उद्या जमीन हालायची थांबली की खरंच होईल की सगळं."

"आन नाही थांबली तर?"

"सोप्या, तुला माझ्या गळ्याची आण हाय. आज तोंड उघडायचं नाही. इचारलं तेवढ्यालाच उत्तर द्यायचं."

तो अंघोळ करून मारुतीच्या देवळाकडं निघून गेला. मला वाटलं, चला, पोरगं ऐकलं.

आबांचा प्रश्नच नव्हता. ते मैदानात कधी आलेच नव्हते. आमचं घर माळवदाचं. खाली सागवानी खांब, वर लाकडं आणि त्यावर दीड हात मातीचा थर. ती माती आईनं डोक्यावरून वाहिली होती आणि आबांनी चोपली होती, लग्नानंतरच्या पाचव्या वर्षी. चार महिने जमीन हलत होती आणि चार महिने आबा त्याच माळवदाखाली एकटे झोपत होते. कुणी काही म्हटलं की म्हणायचे, "तिनं टाकलेली माती हाय. माझ्या अंगावर नाही पडायची."

आतल्या खोलीत मी उतरंड रचली. धक्के सुरू झाल्यापासून गावात कुणीच भांड्यावर भांडं ठेवत नव्हतं, सगळं जमिनीवर पसरलेलं असायचं. पण पसरलेलं घर पाहुण्यांना कसं दाखवायचं? म्हणून पितळेच्या घागरी, कळश्या, तांबे, एकावर एक चांगले सहा थर लावले. चिंचेनं घासून लखलखीत केले होते. आई असती तर तिनं शाबासकी दिली असती.

अकरा वाजता जीप आली. दोघंच उतरले. मुलीचे वडील नागोराव ढवळे, आडव्या हाडाचे, बोटं पहारीसारखी जाड, बोलणं कमी. मध्यस्थानं सांगितलं होतं की ठेकेदारी करतात, म्हणून मी सडकांचे ठेकेदार धरून चालले होते. त्यांच्याबरोबर त्यांचे चुलतभाऊ व्यंकटराव, पांढरी टोपी, हातात घडीची छत्री, आणि सगळ्या भावकीची जबाबदारी आपल्यावरच आहे असा चेहरा.

"जमीन किती?" व्यंकटरावांनी टेकायच्या आधीच विचारलं.

"सहा एकर," आबा म्हणाले.

"पानी?"

"हाय."

"हा भिंतीला तडा कशाचा?"

"उंदरं," मी आतून म्हणाले.

"एवढी मोठी?"

"लई मोठी हायेत आमच्याकडं."

सोपान मान खाली घालून बसला होता, पण त्याच्या ओठाचा कोपरा हलला. नागोराव मात्र तड्याकडं बघत नव्हते. ते उंबऱ्यातून आत आले तेव्हापासून वर बघत होते, माळवदाकडं. मला वाटलं, सागवान आवडलं असेल.

गयाकाकूनं पोहे दिले. मी चहा गाळायला घेतला. बाहेर पोलीस पाटील ओट्यावर बसून 'आमचं गाव किती शांत' हे सांगत होते. मुलीचं नाव मुक्ता, बारावी शिकलेली, शिवण येतं, स्वभावानं जरा बोलकी, असं व्यंकटराव सांगत होते आणि माझ्या मनात सुखाच्या उकळ्या फुटत होत्या. बोलकी! आमच्या मुक्या घरात बोलकी पोरगी!

आणि तेवढ्यात खालून गुरगुर आली.

मी गाळणं हातात धरून तशीच थांबले. खांब करकरला. वरून बारीक माती पाण्यासारखी ओघळली. गयाकाकू बशीत चहा ओतत होती, ती ओततच राहिली, बशी भरली, सतरंजी भिजली, तरी तिचा चेहरा देवीच्या मुखवट्यासारखा शांत. आतून उतरंड वाजायला लागली. आधी खणखण, मग धडाड. सहाच्या सहा थर खाली आले, आणि एक तांब्या गडगडत उंबरा ओलांडून नागोरावांच्या पायाशी येऊन थांबला.

कुणी काही विचारायच्या आतच बाहेरून पंचवीस लेकरं एका सुरात ओरडली, "विहिरीचंऽऽ काम चालूऽऽ हाय!"

व्यंकटराव छत्री घेऊन अर्धे उठले होते. "काय म्हनलीत लेकरं?"

"विहिरीचं काम," पोलीस पाटील घाईघाईनं आत आले. "या गयाबाईंच्या विहिरीचं. सुरुंग लावलेत. दनका बसतो जरा."

"हाव," गयाकाकू म्हणाली, "माझ्या सासऱ्याच्या... म्हंजे माझ्याच विहिरीचं."

व्यंकटराव खाली बसले. नागोरावांनी तांब्या उचलला, फिरवून बघितला आणि हळूच बाजूला ठेवला.

"किती खोल गेली?" त्यांनी विचारलं.

"चाळीस फूट," पाटील म्हणाले.

"तीस," मी त्याच वेळी म्हणाले.

"पाषाण कसला लागला?"

पाटलांनी माझ्याकडं बघितलं. मी गयाकाकूकडं बघितलं. गयाकाकू म्हणाली, "काळा."

नागोरावांनी मान हलवली. मग धोतराचा सोगा झटकून उठले. "बघून येऊ चला. मी विहिरींचेच ठेके घेतो. बावीस वरसं झाली. दुसऱ्यानं केलेलं काम बघायला बरं वाटतं."

त्या क्षणी माझ्या तोंडचं पाणी पळालं. एरवी बाईमाणूस म्हणतं, धरणीमाते, पोटात घे. पण त्या दिवसांत आमच्या गावात तेवढंही म्हणायची सोय नव्हती.

निघालो. पुढं नागोराव आणि सोपान, मागं मी, त्यामागं पाटील आणि व्यंकटराव, आणि मग काहीही काम नसलेलं सगळं गाव. वाट शाळेच्या मैदानातूनच होती. पालं काढली होती, खुंट्या उपटल्या होत्या, पण चुली तशाच. रांगाच्या रांगा. काहींतून अजून धूर येत होता. एका कोपऱ्यात कुणाची तरी बाज आणि त्यावर वाळत घातलेली गोधडी.

"हे काय?" व्यंकटराव थांबले.

"सप्ताह होता," पाटील म्हणाले. "महाप्रसाद."

"घराघराची येगळी चूल मांडून?"

"आमच्याकडं तशीच पद्धत हाय."

व्यंकटरावांना ही पद्धत सविस्तर समजून घ्यायची होती. पाटलांनी त्यांना बाजेवर बसवलं, पाणी दिलं आणि कधीच न झालेल्या सप्ताहाची माहिती सांगायला सुरुवात केली. ते तिथंच राहिले. गावही महाराज कोण होते हे ऐकायला थांबलं. विहिरीवर आम्ही तिघंच पोचलो.

गयाकाकूची विहीर जुनी, दगडी बांधणीची. कडेला शेवाळ. नागोरावांनी वाकून बघितलं तशी आतून पाचसहा कबुतरं फडफडत वर आली आणि आमच्या डोक्यावरून गेली. सुरुंगाच्या विहिरीत कबुतरं अंडी घालत नाहीत, हे मलाही कळतं. मी पदर तोंडाला लावून उभी राहिले.

नागोराव काठावर बसले. शेजारी सोपानला बसवलं.

"ती मोटार तुम्ही बसवली?"

"हाव."

"खाली उतरून?"

"हाव."

"या चार म्हैन्यांत उतरलाव का कधी?"

चार महिने! हे त्यांना कुणी सांगितलं, असं माझ्या मनात आलं, आणि मी मध्येच बोलले. "मामा, उन्हाचं कशाला बसायलाव, घरी जाऊन..."

"बाई, मी त्यांना इचारलंय."

"सहासात येळा उतरलो," सोपान म्हणाला. "येगयेगळ्या विहिरीत."

"भ्या नाही वाटलं?"

सोपाननं काठावरचा एक खडा पाण्यात टाकला. मग माझ्याकडं वळला. "अक्का, तुझी आण मोडायलोय. तू काही मनात आनू नको. मी सकाळीच मारुतीला तसं सांगून आलो." आणि नागोरावांना म्हणाला, "मामा, सुरुंग नाही. जमीन हालायली. दिवाळीपासून. आज सकाळपासून दोनदा हालली, तुम्हाला एकच कळली. विहिरीत उतरताना भ्या लई वाटतं. पन कुनाच्या तरी घरचं पानी बंद असतं, मंग उतरतो. तुमची पोरगी हितं आली तर तिलाबी भ्या वाटंल. ते मी आधी सांगायला पायजे."

माझ्या भावाला सलग इतकं बोलताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, आणि मला त्याच्या दोन कानशिलात द्याव्याशा वाटल्या. इतकी मेहनत! एकशे चाळीस घरांची! आणि ह्यानं एका दमात मातीत घातली. मला रडूच फुटलं.

"मामा, ह्याचा काही दोष नाही," मी म्हणाले. "खोटं मी रचलं. गावाला मी शिकवलं. माझा भाऊ लाखात एक हाय, आन निस्त्या जमिनीपायी त्याला कुनी पोरगी देईना. तुम्ही मला काय बोलायचं ते बोला, पन त्याला वाईट म्हनून जाऊ नका."

नागोराव शांतपणे म्हणाले, "बाई, मला माहीत होतं."

"कवापासून?"

"टोळीतल्या गड्यांकडून चार म्हैन्यांचं कानावर आलतं, खातरी झाली ती तांब्या पायाशी आला तवा. सुरुंगाचा दनका एका बाजूनं येतो आन तिथंच संपतो. हा खालून आला. हा आवाज मी ओळखतो." त्यांनी विहिरीच्या दगडावरून हात फिरवला. "त्र्यान्नव साली किल्लारीला गेलतो. तिकडं मोठा भूकंप झाला होता, तुम्हाला ठाऊकच हाय. आमच्याकडं कप्प्या, दोरखंड, पहारी, म्हनून मालकानं आमची टोळीच्या टोळी पाठवली. नऊ दिवस माळवदं उपसली. जमिनीनं मानसं मारली नव्हती, बाई. डोक्यावरच्या मातीनं मारली. लोकांनी मायेनं घातलेली माती."

मला त्यांचं वर बघणं आठवलं. घरात आल्यापासून ते सागवान बघत नव्हते.

"मैदानात चुली किती हायेत?" त्यांनी एकदम विचारलं.

"एकशे चाळीस."

"एवढ्या घरांनी ह्या एका पोरासाठी पालं काढली? आज घरात बसलेत? भिऊन भिऊन?"

"हाव."

"कुनीच नाही म्हनलं नाही?"

"एकटे आबा. पन ते तर घराबाहेर यायलाच नाही म्हनतात."

नागोराव हसले. पहिल्यांदाच. मोठ्या माणसाचं मोठं हसू, विहिरीतून परत आलं. मग सोपानच्या पाठीवर थाप मारली. "एका पोरासाठी अख्खं गाव खोटं बोलतं, आन ते पोरगं खरं बोलतं. माझी पोरगी अशा ठिकानी नाही द्यायची तर कुठं द्यायची?"

मी पदरानं डोळे पुसायचे सोडून त्यांच्याकडं बघत राहिले.

"पन दोन अटी," ते म्हणाले. "एक, लग्नाच्या आधी ते माळवद उतरायचं. वर पत्रे. माझी टोळी येईल. दुसरी, मुक्ताला आन तिच्या आईला मी सगळं खरं सांगनार. तिनं हाव म्हनलं तरच पुढं."

"आन तिकडं बसलेत ते?" सोपाननं मैदानाच्या दिशेनं बघत विचारलं.

"व्यंकटरावला अक्षर सांगायचं नाही. एकदा भावकीला कळलं की वीस तोंडं आन चाळीस मतं."

"म्हंजे खोटं चालतं का मामा?" मला राहवलं नाही.

"तुमचं लई कच्चं होतं, बाई. एक चाळीस फूट म्हनतो, एक तीस म्हनतो. असं नसतं करायचं."

चार दिवसांनी निरोप आला. मुक्तानं हो म्हटलं होतं.

आता राहिले आबा. टोळी पहारी घेऊन दारात आली त्या दिवशी ते शिडी चढून माळवदावर जाऊन बसले. "मला आधी खाली पाडा, मंग माती," म्हणाले. मी खालून रडले, सोपाननं हात जोडले, उपयोग शून्य. शेवटी नागोराव वर चढले. आबांच्या शेजारी मांडी घालून बसले. आम्हाला खाली सगळं ऐकू येत होतं.

"चांगलं चोपलंय," नागोराव म्हणाले. "कुनी केलं?"

"मी. माती तिनं वाहिली. ओढ्याकाठाहून. सोपान पोटात होता तवा."

नागोरावांनी चिमूटभर माती उचलून बोटांत चुरली.

"पाव्हणे," नागोराव म्हणाले, "ही माती टाकून द्यायची नाही. मैदानात नेऊ. त्याच मातीचं बोहलं बांधू. पोरगं तिच्यावर उभं राहून लगीन लावंल. आईच्या वाहिल्या मातीवर. डोक्यावर असून काय करायचीय, पायाखाली असू द्या."

आबा खाली मान घालून हातानं माती चाचपत राहिले. मग उठले, टोळीतल्या एकाच्या हातातलं टोपलं घेतलं आणि पहिली पाटी स्वतः भरली. ती त्यांनी कुणाला उचलू दिली नाही. डोक्यावर घेऊन, माझ्या आईसारखे, एकटेच मैदानाकडं चालत गेले. मी तोंडात पदर कोंबून उभी होते.

लग्न वैशाखात. एरवी मुलीच्या दारी लागलं असतं, पण नागोरावांनी आमच्याच गावात लावलं, मैदानात, उघड्यावर. वर नुसता कापडी मांडव. त्यांच्या भावकीला त्यांनी सांगितलं, विहिरींचा हंगाम आहे, टोळी जवळच कामावर आहे, म्हणून सोयीचं. चार जीपा आणि एक ट्रक भरून माणसं आली. व्यंकटराव पुढं, छत्री काखेत.

मागचे पंधरा दिवस जमीन गप्प होती. मी देवाला म्हटलं होतं, एवढा एक दिवस.

बोहल्यावर सोपान आणि मुक्ता, मध्ये अंतरपाट. मी करवली, नवरीच्या बाजूला दिवा घेऊन उभी. मुक्ताचं तोंड मुंडावळ्यांत नीट दिसत नव्हतं. लहानशी, सावळी, गालावर खळी. मी तिच्याशी अजून चार शब्दसुद्धा बोलले नव्हते, आणि मनात एकच धास्ती होती: ऐकून हो म्हणणं वेगळं, अनुभवणं वेगळं. पहिल्याच धक्क्याला ही पोरगी बापाच्या जीपमध्ये जाऊन बसली तर?

शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं. सगळ्यांच्या मुठीत अक्षता. आणि खालून ती गुरगुर आली.

चांगली मोठी. समया थरथरल्या. अंतरपाट धरलेल्यांचे हात हलले. वाढप्यांच्या बाजूला बुंदीचं पातेलं खणखणलं. भटजींचा सूर अडकला. आमचं सगळं गाव जागच्या जागी थिजलं, आणि पाहुण्यांमधून एकदम कल्ला उठला. "काय झालं? काय झालं?" बायका लेकरं उचलायला लागल्या. मी आमच्या लेकरांकडं बघितलं. इतक्या गर्दीत ती गाणं विसरली होती. पाटलांनी मांडवाचा खांब धरला होता.

तेवढ्यात बोहल्याशेजारून नागोरावांचा आवाज आला. रोजचं बोलावं तसा, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"खाली बसा मंडळी. शेजारी विहिरीचं काम चालू हाय. सुरुंग लावलेत. काळा पाषाण लागलाय, पंचेचाळीस फुटाला."

ढवळ्यांची भावकी नागोरावांकडं बघायला लागली. बावीस वर्षं विहिरी खणलेला माणूस. तो म्हणतोय तर असणारच. तरी एका म्हातारीनं विचारलं, "लगनाच्या दिवशी बी काम चालू ठिवलं का?"

"मी बघितलीय ना ती विहीर," व्यंकटराव छत्री उंच करून म्हणाले. "सवताच्या डोळ्यानं. घर बघायला आलतो तवा. लई मोठं काम हाय."

बायकांनी लेकरं खाली ठेवली. भटजींना सूर सापडला. आबा पहिल्या रांगेत बसले होते, बोहल्याच्या मातीवर एक तळहात टेकवून, कुणाला तरी गप्प बस म्हणावं तसे. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, अंतरपाट दूर झाला. सोपाननं हार घातला. जमीन केव्हाच थांबली होती.

पण नवरीचे खांदे हलत होते. भ्याली पोर. रडायला लागली. मी दिवा सावरत तिच्याकडं वाकले, पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "घाबरू नको गं बाई, मी हाय."

मुक्तानं मुंडावळ्या थोड्या बाजूला केल्या. डोळ्यांत पाणी होतं खरं, पण ते हसून हसून आलेलं. माझ्या कानाशी येऊन ती हळूच म्हणाली,

"अक्का, खरं सांगा. चाळीस फूट का तीस?"